तुम्ही विचारलंत म्हणून: शाब्दिक उदाहरणांची युक्ती

"मॅडम, त्याला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं येतं. फक्त शाब्दिक उदाहरणं येत नाहीत. एखादी युक्ती सांगा ना."

हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. शिकवणीच्या दारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकाच्या फोटोखाली. दर वेळी "युक्ती नाहीये हो" म्हणून मी गप्प बसते, आणि समोरच्याला वाटतं मी काहीतरी हातचं राखून ठेवतेय. म्हणून आज लिहिते. युक्ती होती. माझ्याकडेच होती, आणि मी ती भिंतीवर लावली होती.

निळ्या कार्डपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला तक्ता होता तो. एकूण, मिळून, जास्त: बेरीज. उरले, कमी, फरक: वजाबाकी. पट, दराने: गुणाकार. प्रत्येकी, समान वाटले: भागाकार. पालक त्याचे फोटो काढून न्यायचे. मुलांचे गुण वाढले, हे मी आजही नाकारत नाही. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरला दीड तासात ७५ प्रश्न असतात, त्यातले ५० गणिताचे. एका प्रश्नाला ७२ सेकंद. शब्द बघ, क्रिया ठरव, गोल रंगव. दुसरं काय शिकवणार होते मी?

२०१८ च्या जानेवारीतली गोष्ट. पाचवीची बॅच, परीक्षा महिन्यावर आलेली. खिडकीजवळ एक मुलगा बसायचा, नाव सांगत नाही. घरी टोमॅटोची शेती. शाळेला सुट्टी असली की तो वडिलांबरोबर पिकअपमध्ये बसून नारायणगावच्या उपबाजारात जायचा. आदल्या गणपतीच्या सुट्टीत दिरांचा माल होता म्हणून मीही तिथे गेले होते, तेव्हा त्याला पाहिलं होतं. चौतीस कॅरेट, कॅरेटला दोनशे साठचा भाव फुटला. वडील पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीची, वाट बघत उभे, आणि हा बाजूला पुटपुटतोय, "तिसाचे सात हजार आठशे, चाराचे एक हजार चाळीस. आठ हजार आठशे चाळीस, पप्पा." मग हमाली किती, गाडीभाडं किती, ते वजा करून हातात काय पडणार हेही त्यानं सांगितलं. कागद नाही, पेन्सिल नाही. पट्टी आली तेव्हा आकडा तोच.

त्याच मुलाला मी जानेवारीत सराव म्हणून हे उदाहरण दिलं: मीनाकडे ४५ पेरू आहेत. तिचे पेरू रेश्माच्या पेरूंपेक्षा १८ ने जास्त आहेत, तर रेश्माकडे किती पेरू?

त्यानं वाचलं, दोन क्षण खिडकीबाहेर बघितलं आणि २७ लिहिलं. मांडणी केलीच नाही, नुसतं उत्तर. मी त्याच्या मागेच उभी होते. बावीस मुलं, प्रत्येकाची वही बघायची, सहा वाजता पुढची बॅच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं भिंतीवरच्या तक्त्यातल्या 'जास्त' या शब्दाकडे बोट दाखवलं. एक शब्दही बोलले नाही. त्यानं तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खोडरबर घेतलं. २७ खोडताना कागद इतका झिजला की मागच्या पानावरचं अक्षर दिसायला लागलं. त्या पातळ झालेल्या जागेवर त्यानं ६३ लिहिलं, आणि मी लाल पेननं बरोबरची खूण केली.

रात्री उत्तरसूची बघताना कळलं. २७.

इथपर्यंतचं एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं, घाईत चूक कुणाचीही होते. पण दुसऱ्या दिवशी मी वर्गात "माझं चुकलं" म्हटलं नाही. "अशी फसवी उदाहरणं परीक्षेत देतात, सावध राहा," असं म्हटलं. उदाहरण फसवं नव्हतंच. सरळ होतं, आणि त्या मुलाला ते सरळ दिसलं होतं. तो काही बोलला नाही. दहा वर्षांच्या पोरानं मॅडमना काय म्हणायचं? पण त्या दिवसापासून उदाहरण वाचायच्या आधी तो भिंतीकडे बघायला लागला. फेब्रुवारीत तर मला विचारायचा, "मॅडम, यात गुणायचं का भागायचं?" ज्यानं बाजारात उभ्या उभ्या अख्खी पट्टी केली होती, तो.

परीक्षा झाल्यावर मी तक्ता काढला.

त्या वेळची मी आज समोर बसली तर भांडेल, हे मला ठाऊक आहे. म्हणेल, एका मुलासाठी बाकीच्या एकवीस जणांची काठी काढून घेतलीस. ज्याला धड वाचताही येत नाही, त्यानं ७२ सेकंदांत पेरूंचं चित्र कधी डोळ्यांसमोर आणायचं? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी फक्त एवढंच सांगू शकते की काठीनं मुलं प्रश्न न वाचताच चालायला लागतात. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलला ९७ लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी आकड्यांची आकडेमोड करून वय सांगितलं. मला ते खरं वाटेना. मी माझ्या वर्गात जहाजाचा टेम्पो केला, कप्तानाचा ड्रायव्हर केला. एकोणीसपैकी चौदा वह्यांत छत्तीस. त्या चौदा जणांत हुशार मुलंच जास्त होती. माझीच तयार केलेली.

आता पालकांनो, तुमच्याबद्दल. रागावू नका. तुम्ही "याला गणित येतं" म्हणता तेव्हा आकडेमोड येते असं म्हणत असता. अडतं ते भाषेत. 'प्रत्येकी', 'उर्वरित', 'अनुक्रमे' हे शब्द घरात कोण बोलतं? आपण "एकेकाला किती" म्हणतो, "राहिलेले" म्हणतो. "तिघांकडे अनुक्रमे ५, ८ आणि १२ गोट्या" हे वाचून एका मुलीनं मला विचारलं होतं, "अनुक्रमे कोण?" आणि 'पेक्षा १८ ने जास्त' यात कोण कुणापेक्षा, हे समजायला त्या 'पेक्षा'च्या मागे काय आहे ते थांबून बघावं लागतं. घरी तुम्ही थांबू देत नाही. "अरे, यात काय करायचं? गुणायचं ना?" मूल वहीत बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघतं. तुमची भुवई जरा हलली की "नाही नाही, भागायचं."

मी सध्या एवढंच करते. पुस्तक मिटायचं आणि उदाहरणातली गोष्ट आकडे न घेता सांगायची. "मीनाकडे पेरू आहेत, रेश्माकडे तिच्याहून कमी आहेत, रेश्माचे शोधायचेत." हे मुलाच्या तोंडून आलं की पुढचं बहुतेक आपोआप येतं. वेळ लागतो. एका तासात चार उदाहरणं होतात, कधी तीनच. दोन पालकांनी याच कारणानं मुलं काढून दुसरीकडे घातली. मला वाईट वाटलं, पण त्यांचं अगदीच चूक होतं असं म्हणवत नाही. आणि कबूल करते, गेल्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात एक मुलगी रडायला लागली, तेव्हा तिला मी "प्रत्येकी दिसलं की भागून बघ" असं सांगितलंच.

तो मुलगा या पावसाळ्यात बाजारात भेटला. आता पिकअप तोच चालवतो. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "मॅडम, तुमचा तो निळा तक्ता मला अजून पाठ आहे. लय उपयोगी पडला." त्याला पेरूंचं उदाहरण आठवतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. धाकट्या बहिणीला माझ्याकडे घालायचंय म्हणाला, "तिला पण तो तक्ता द्या."

मी म्हटलं, सोमवारी पाठव.