गळ्यात तीन-तीन चेन, गुंतत कशा नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी टाळतच आले होते. माझा तो काळ्या ड्रेसमधला फोटो, ज्यात गळ्यात तीन चेन एकाखाली एक सुटसुटीत पडल्यात, तो बघितला की हमखास प्रश्न येतो, अगं तुझ्या गुंतत कशा नाहीत, आणि आम्ही घातल्या की नुसता ढीग का दिसतो. आजवर मी दर वेळी "दोन-दोन इंचांचं अंतर ठेवा" एवढं सांगून मोकळी झाले. ते खोटं नाहीये, पण अर्धवट आहे, आणि सांगताना मला ते माहीत असायचं.

गुंततात. त्या फोटोतल्यासुद्धा गुंतल्या. फोटो काढल्यावर दोनेक तासांत त्यातली सगळ्यात वरची चेन तुटली, आणि ती माझी नव्हती, माझ्या धाकट्या बहिणीची होती.

आधी लांबीचं सांगते कारण तेच सगळ्यांना हवं असतं. चेन साधारण १४, १६, १८, २०, २४ इंच अशा मिळतात, पण १६ ची चेन तुमच्या गळ्यात कुठे पडेल हे चेन नाही, तुमची मान ठरवते. एकीला ती गळ्याच्या हाडाच्या खोबणीत बसेल, दुसरीला गळ्याशी चिकटून चोकर होईल. म्हणून दुसऱ्याचे आकडे बघून चेन घेऊ नका, एक दोरा घ्या, आरशासमोर गळ्याभोवती धरून जिथे चेन पडायला हवी तिथपर्यंत सोडा, आणि तो मोजा. वरच्या दोघींत निदान २ इंच, तिसरीला ३-४ इंच मोकळी जागा. वर हलकी, खाली जड. पेंडंट शक्यतो एकच, आणि ते सगळ्यात खाली, कारण वजनामुळे ती चेन ताणलेली राहते आणि इकडेतिकडे फिरत नाही. ड्रेसचा गळा व्ही असेल तर खालच्या चेनने त्याच आकारात पडावं, बंद गळ्यावर लांब चेन कापडावर येऊ द्यावी, आणि गोल गळ्याच्या बरोबर काठावर पडणारी चेन घालूच नये, ती सारखी आत-बाहेर होते. झालं. हे एवढंच मी त्या दिवशीही जाणत होते, आणि एवढ्यावर मला वाटायचं की आपल्याला सगळं कळतं.

त्या फोटोच्या संध्याकाळी ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा निरोप समारंभ होता. माझ्याकडे १८ ची बारीक चेन होती, आणि २४ ची स्टीलची जाड, तिला गोल चपटं पदक. वर काहीतरी नाजूक हवं होतं. बहिणीकडे १६ ची सोन्याची होती, अगदी केसासारखी, तिला थेंबाएवढं पेंडंट. तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली वस्तू ती. मी मागितली, तिने काढून दिली, आणि म्हणाली, ताई, ही एकटीच घाल हां, बाकीच्यांच्यात नको. मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. आणि मग आरशासमोर उभी राहिले, तिन्ही घालून बघितल्या, आणि इतकं छान दिसत होतं की मी त्या काढल्या नाहीत.

पुढून सगळं बरोबर होतं, फोटोत दिसतंच आहे. पण मानेमागे तिन्ही हूक एकाच जागी जमतात याचा मी कधी विचारच केला नव्हता. बहिणीची चेन आणि माझी १८ ची जवळपास सारख्याच जाडीच्या, आणि सारख्या जाडीच्या दोन बारीक चेन शेजारी आल्या की त्या एकमेकींना पीळ घालतात, मान वळवली की एक पीळ, हसून मागे वाकलं की अजून एक. त्यात घाम, त्यात मोकळे केस. कधीतरी बहिणीच्या चेनचा बारीक हूक स्टीलच्या कडीत जाऊन बसला असणार. मला एकदा मानेशी टोचल्यासारखं झालं होतं, मी हात लावला आणि तसाच सोडला, कारण समोर कोणीतरी बोलत होतं. तेव्हाच बाजूला जाऊन बघितलं असतं तर. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय ते मोजत नाही आता.

मग मी खुर्चीवरची पर्स घ्यायला वाकले आणि २४ ची चेन खुर्चीच्या पाठीत अडकली. मी सरळ उभी राहिले. झटका स्टीलला बसला, पण स्टील कुठे तुटतंय, तुटलं ते त्यात अडकलेलं सगळ्यात नाजूक. आवाजसुद्धा आला नाही. फक्त गळ्यावरून काहीतरी गार घसरल्यासारखं वाटलं, चेन ड्रेसच्या आत सापडली, आणि पेंडंट मोकळ्या टोकावरून निघून गेलेलं. मी जमिनीवर गुडघ्यांवर बसून शोधलं, दोन-चार जण मोबाइलचा उजेड पाडून मदतीला आले, खुर्च्या सरकवल्या, पर्स उलटी केली, ड्रेस घरी येऊन झटकला. नाही मिळालं.

बहीण ओरडली नाही. ती म्हणाली, "फोटो छान आलाय पण." ती मनापासून म्हणाली की काय, मला अजून कळलेलं नाही, आणि म्हणूनच त्या फोटोचं कौतुक झालं की मी विषय बदलते. तुम्हाला ते तुटक उत्तर वाटलं असेल तर त्याचं कारण हे आहे.

त्यावर लगेच कोणीतरी म्हणतं, मग कशाला घालायच्या एवढ्या, एकच घाल ना. हे मला पटत नाही, अजूनही नाही. तीन वेगवेगळ्या चेन नीट पडल्या की जे दिसतं ते एकीत येत नाही, आणि नीट दिसावंसं वाटण्यात काही चूक नाही. चूक दिलेला शब्द मोडण्यात होती. की माझी हौस आणि ती चूक वेगळी काढताच येत नाही? कधी एक वाटतं, कधी दुसरं.

आता मी काय करते ते सांगते. शेजारच्या दोन चेन एकाच जाडीच्या कधीच घेत नाही, एक चपटी तर दुसरी पीळदार. तीन हूक मानेमागे सोडण्याऐवजी एकच पट्टी मिळते, तिच्यात तिन्ही चेन वेगवेगळ्या कड्यांत लागतात, ती वापरते. स्नेक चेन, म्हणजे सापाच्या अंगासारखी गुळगुळीत असते ती, एकाखाली एक घालायच्या चेनमध्ये घालत नाही, ती एकदा मुडपली की मोड जात नाही. मोत्यांचा सर धातूच्या चेनला घासेल असा ठेवत नाही, मोती मऊ असतो, त्याला ओरखडे पडतात. चेनवरचा मुलामाही घासून घासून उडतो. सोनेरी-चंदेरी एकत्र नको असं मी पूर्वी ठासून सांगायचे, ते मात्र मागे घेते, ते चांगलं दिसतं, फक्त दोन्ही रंग निदान दोनदा यावेत म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटतं. आणि गुंता झालाच तर ओढू नका, आधी सगळे हूक उघडा, सपाट जागेवर ठेवा, गाठीवर तेलाचा थेंब आणि दोन सुया, बस. मोती असतील तर तेल नको. हे सगळं करूनही महिन्यातून एकदा गुंततातच.

बहिणीची चेन मी दुरुस्त करून आणली. हुकाजवळच्या ताणलेल्या कड्या काढाव्या लागल्या, अर्धा इंच कमी झाली. तसंच पेंडंट पण घेतलं, शक्य तितकं सारखं, ते तिने पाकिटातून काढलंही नाही. चेनही परत घेतली नाही, राहू दे तुझ्याकडे म्हणाली. पाच वेळा विचारून झालं. गेल्या आठवड्यात मी त्या चेनला मागे लांबी वाढवणारा छोटा एक्स्टेंडर जोडला आणि आरशासमोर घालून बघितली, एकटीच. बरोबर पहिल्या जागी बसते. मग काढून ठेवली.