परत सांग

बाईंनी "कळलं का?" विचारलं की आमचा अख्खा वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणायचा. निम्म्यांना ओ की ठो कळलेलं नसायचं. मी त्या निम्म्यांतला.

1984 साली शाळा सोडली, दोन वर्षांनी सैन्यात भरती झालो. सिग्नल्स, म्हणजे सैन्याची संदेशवहनाची शाखा मिळाली, म्हणून ट्रेनिंग जबलपूरला. शिक्षेचा रगडा, पिट्ठू लादून धावणं वगैरे सगळेच माजी सैनिक रंगवून सांगतात, ते राहू दे. सावधान-विश्राम तर शाळेच्या मैदानावर एन.सी.सी.तच घोटून झालं होतं. माझ्यात मुरलं ते वेगळंच. पाठीवर 10-11 किलोचा पी.आर.सी. 25 वायरलेस सेट, कानाला हँडसेट आणि उस्तादांचं एकच पालुपद: तू बोललास म्हणून निरोप पोचला नाही, समोरच्याने तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवला, की पोचला. नीट ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. चुकून ‘रिपीट’ म्हटलं की रगडा ठरलेला. तोफखान्याच्या बोलीत ‘रिपीट’ म्हणजे तिथेच पुन्हा गोळे टाका! एका साध्या शब्दापायी माणसं मरतात, हे अठराव्या वर्षी डोक्यात बसलं.

2008 साली निवृत्त होऊन इंदूरला परतलो, तरी ते निघालं नाही. गॅसवाल्याला पत्ता सांगितला की त्याच्याकडून वदवून घेतो. मुलीच्या लग्नात आचाऱ्याकडून श्रीखंडाचं माप तीनदा म्हणवून घेतलं. तो बिचारा म्हणाला, "काका, लिहून घेतलंय की!" लिहिलेलं मला पुरत नाही. आपल्या घरांत अर्धा संसार नुसत्या हुंकारावर चालतो, आणि मला हुंकार चालत नाही. बायकोने एकदा भाजीची पिशवी ओट्यावर आपटली. म्हणाली, "मी तुमची रंगरूट नाही." खरं होतं तिचं. पण मी तिला मेथी की पालक, हे परत विचारलंच.

चार वर्षांपूर्वी पहाटे पुण्याहून दादाचा फोन आला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"आई गेली."

मी सवयीने म्हणालो, "परत सांग."

त्याने सांगितलं. पहिल्यांदा सांगताना तो रडला नव्हता.