उत्तरात नसलेले एक नाव

दहा वर्षे पॉलिटेक्निकमध्ये शिकवल्यानंतर मी एम.टेक.ला प्रवेश घेतला आणि नेटवर्क सिक्युरिटी हा विषय निवडला, तेव्हा फायरवॉल कसा बसवावा, पॅकेट कसे पकडावे, हेच जरा अधिक खोलात शिकायला मिळेल अशी माझी समजूत होती. तो भाग तीन आठवड्यांत आटोपला. उरलेले सत्र इतरांनी रचलेल्या प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे याच्या नियमांची, एकेक ओळ कागदावर तपासण्यात गेले. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे.

सुरुवात एआरपीपासून (अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल) झाली. 1982 सालापासून चालत आलेल्या या प्रोटोकॉलमध्ये संगणक स्थानिक जाळ्यातील सर्वांना विचारतो, ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’, आणि जो ‘माझा’ म्हणेल त्याचे म्हणणे पुरावा न मागता नोंदवून ठेवतो. आमच्या खान्देशातल्या एखाद्या गावात चावडीसमोर ‘ओ पाटील’ अशी हाक मारली तर निम्मे गाव वळून पाहील, तसाच हा प्रकार. बाहेरच्या जाळ्याशी संबंध नसलेल्या एका स्विचवर तीन संगणक जोडून आम्ही तो करून पाहिला, आणि दोघांमधली सगळी वाहतूक तिसऱ्याकडून वळवायला काही मिनिटे पुरली. (दुसऱ्याच्या जाळ्यावर परवानगीशिवाय हे करू नये, त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 आहे.)

एआरपीतील उणीव उघड दिसते, कारण तिथे ओळख पटवण्याची सोयच नाही. खरा कस लागला तो नीडहॅम आणि श्रोडर या संशोधकांच्या 1978 मधील पब्लिक-की प्रोटोकॉलवर. यात प्रत्येकाची एक पब्लिक की, म्हणजे जाहीर किल्ली, असते; तिने संदेश कोणीही बंद करू शकतो, पण उघडू शकतो तो फक्त तिचा मालक. ‘अ’ एक यादृच्छिक संख्या आणि स्वतःचे नाव ‘ब’च्या पब्लिक कीने बंद करून पाठवते, ‘ब’ ती संख्या आणि स्वतःची नवी संख्या ‘अ’च्या कीने बंद करून परत करतो, ‘अ’ ती नवी संख्या ‘ब’ला परत पाठवते, आणि दोघांची ओळख पटली असे मानले जाते. यात दोष आहे एवढेच सांगून सरांनी तो शोधायला लावला. अमळनेर ते जळगाव या रोजच्या प्रवासात मी चार दिवस वहीत बाणांच्या आकृत्या काढत होते. धरणगाव मागे पडे, पाळधी येई, आणि वही तिथल्या तिथेच. माझी चूक अशी की, लबाडी करणारा बाहेरचाच असणार असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ‘अ’ स्वतःहून ज्याच्याशी बोलायला जाते तो ‘क’च लबाड असू शकतो. तो ‘अ’चा संदेश उघडतो, ‘ब’च्या कीने पुन्हा बंद करून ‘ब’कडे पाठवतो, ‘ब’चे उत्तर जसेच्या तसे ‘अ’च्या हाती देतो, आणि ‘अ’ बिचारी ते उत्तर ‘क’चेच समजून आतली संख्या उघडून ‘क’ला देते. आता ‘ब’च्या दृष्टीने ‘क’ हाच ‘अ’. एकही की न फोडता हे घडते. संशोधक गॅव्हिन लोव यांनी हा दोष 1995 मध्ये दाखवला, म्हणजे तब्बल 17 वर्षांनी, आणि त्यावरचा उपायही एका नावाचा : दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याचे नाव घालायचे, म्हणजे ‘क’ऐवजी ‘ब’चे नाव दिसताच ‘अ’ थांबेल.

माझी आजी दारात आलेल्या अनोळखी मुलाला त्याचे नाव विचारून थांबत नसे. अहिराणीत ‘तू कोना शे रे?’, म्हणजे तू कोणाचा, हे विचारल्याशिवाय ती त्याला ओसरीवर घेत नसे. लोव यांची दुरुस्ती वाचताना मला तिची तीव्रतेने आठवण झाली, कारण संख्या बरोबर असणे आणि ती कोणाकडून आली हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती जाणून होती.

प्रबंधासाठी मी शेतातल्या मोबाइल स्टार्टरचा विषय घेतला आहे. आमच्याकडे शेतीची वीज अनेकदा रात्री असते, त्यामुळे घरून फोन करून विहिरीवरची मोटार सुरू करण्याची सोय पुष्कळांनी करून घेतली आहे. यांतले अनेक स्टार्टर फोन करणाऱ्याचा नंबर नोंदलेला आहे की नाही एवढेच पाहतात, आणि नंबर खोटा दाखवता येतो. संदेशाला गुप्त कीने मोहोर लावली तरी कालचा संदेश पकडून कोणी आज पुन्हा पाठवू शकतो, म्हणून प्रत्येक संदेशात वाढता क्रमांक हवा. पण वीज गेली की साध्या मेमरीतला क्रमांक पुसला जातो, आणि जुने संदेश पुन्हा चालू लागतात. क्रमांक ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, ठेवावा, तर ती लिहून लिहून झिजते, ही शंका मला होती. मी वापरत असलेल्या चिपला सुमारे 1,00,000 वेळा लिहिण्याची हमी आहे, आणि मोटार चालू किंवा बंद करण्याचे दिवसाला दहा संदेश आले तरी त्यात 27 वर्षे निघतात. मात्र लिहिण्याच्या नेमक्या क्षणी वीज गेली तर क्रमांक अर्धवट राहतो. सध्या दोन जागी आलटून पालटून लिहून त्यातला धड असलेला क्रमांक घ्यायचा, अशी रचना मी तपासून पाहत आहे.