खालच्या मजल्यावरून आलेला पांढरा बेडूक

शनिवार, रात्र

पाऊस दिवसभर उघडलाच नाही. बाहेरची कामं आपोआप टळली आणि टाकीपाशी निवांत बसता आलं. खालच्या मजल्यावरच्यांची नाशिकला बदली झाली, तेव्हा त्यांचा मुलगा ही काचेची टाकी माझ्या हवाली करून गेला. "काकू, हा ड्वार्फ फ्रॉग आहे, एवढासाच राहतो." दुकानदाराने त्याला असंच सांगितलं होतं. तो एवढासा जीव आता माझ्या तळव्यात मावत नाही. अंग पांढरट गुलाबी, डोळे लाल. टाकीतले निऑन टेट्रा मासे त्याने एकेक करून खाल्ले.

आज त्याला ओळखायचंच असं ठरवून बसले. रंग आधी बाजूला ठेवला, कारण अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्यच नसलेल्या, प्राण्याच्या रंगावरून त्याची जात कळत नाही. बघायचे ते पाय. खऱ्या ड्वार्फ फ्रॉगच्या चारही पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात आणि तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढतो. याच्या पुढच्या पायांची चार बोटं सुटी, पडद्याचा मागमूस नाही. मागचे पाय मात्र भले मोठे, पूर्ण पडद्यांचे, आणि आतल्या बाजूच्या तीन बोटांना टोकदार नख्या. बेडकाला नख्या! टॉर्च लावून पुन्हा पाहिलं, मग आईला हाक मारली. तिनेही चष्मा लावून पाहिलं आणि "अगं खरंच की" म्हणाली.

पुढचं मग भराभर जुळत गेलं. डोळे डोक्याच्या वर, आकाशाकडे वळलेले, पापण्या नाहीत. दोन्ही कुशींवर बारीक टाके घातल्यासारख्या रेघा, त्यांनी तो पाण्यातली हालचाल टिपतो. गांडुळाचा तुकडा टाकला तर जीभ बाहेर आलीच नाही, कारण याला जीभच नसते. दोन्ही हातांनी घास तोंडात कोंबला. झेनोपस लेव्हिस, आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. दक्षिण आफ्रिकेकडचा, जवळजवळ सगळं आयुष्य पाण्यात काढणारा. रानात तो करडा-शेवाळी, डागाळलेला असतो. पांढरा रंग माणसाने पैदाशीत टिकवलेला.

आकारावरून आणि मागच्या पायांच्या मधल्या छोट्या झालरींवरून ही मादी आहे. नर बराच लहान असतो, विणीच्या काळात त्याचे हात आतल्या बाजूने काळे पडतात आणि रात्री तो पाण्याखालून टकटक आवाज करतो. ही गप्प असते.

आई निवृत्त परिचारिका. तिला सांगितलं की १९२०च्या दशकाच्या अखेरीस लान्सलॉट हॉग्बेन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने केपटाऊनमध्ये याच जातीवर काम केलं आणि त्यातून पुढे १९३०च्या दशकात दिवस गेलेत का ते ओळखायची चाचणी निघाली. बाईची लघवी मादी बेडकाला टोचायची. दिवस गेलेले असतील तर काही तासांत बेडकी अंडी घालते. सशाच्या चाचणीत ससा मारून तपासावा लागे, ही बेडकी मात्र जिवंत राहून पुन्हा उपयोगी पडे. आई बराच वेळ टाकीकडे बघत राहिली. "किती बायकांना हिनंच बातमी दिली असेल गं," म्हणाली. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी पेशीतलं केंद्रक बदलण्याचे प्रयोग याच जातीवर केले, त्याबद्दल २०१२चं नोबेल मिळालं, हेही सांगितलं. पण तिचं लक्ष बायकांपाशीच राहिलं.

रविवार

मुलाचा फोन आला. मी जात सांगितली, तो आनंदला आणि लगेच म्हणाला, "काकू, आता पाऊस आहे तर तिला तलावात सोडा ना, तिथे मित्र मिळतील."

ओळख पटवायची ती एवढ्यासाठीच. आपल्याकडे इथून मुंबईचं राष्ट्रीय उद्यान जवळ, विहार आणि तुळशी तलाव जवळ. पहिल्या पावसात डबक्यांत पिवळेधमक होऊन ओरडणारे बुलफ्रॉग, बाथरूमच्या भिंतीला चिकटून बसणारा झाडबेडूक, ही सगळी इथली मंडळी. चिली, फ्रान्स, पोर्तुगाल, कॅलिफोर्निया इथे ही जात प्रयोगशाळांतून, टाक्यांतून बाहेर पडली आणि तिथल्या पाण्यात ठाण मांडून बसली. शिवाय ती स्वतः आजारी न पडता कायट्रिड बुरशी वाहून नेऊ शकते. ही बुरशी इतर बेडकांच्या कातडीचं काम बिघडवते आणि शेवटी हृदय थांबतं. २०१९च्या एका जागतिक आढाव्यात या बुरशीमुळे ५००हून अधिक उभयचर जाती घटल्याचं आणि ९० नामशेष झाल्याचं म्हटलं होतं. आमच्या टाकीतलीला ती आहे असं नाही, पण मुंबईच्या पाण्यावर हा जुगार कोणी का खेळावा? दुकानदार चुकीच्या नावाने विकतात आणि मुलं जीव लावून चुकीच्या जागी सोडतात. मला याचा राग येतो, दुकानाचा, मुलाचा नाही.

त्याला हे सगळं सावकाश सांगितलं. तो गप्प झाला, मग विचारलं, "किती वर्षं जगते?" पंधराच्या पुढेही, सांभाळली तर. "म्हणजे मी कॉलेजला जाईन तेव्हाही असेल!" आवाजात भीती नव्हती.

ठरलं ते असं. ती माझ्याकडे राहील, एकटी. तिच्या टाकीत मासे नाहीत. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घालायचं. काढलेलं पाणी झाडांना किंवा गटारात नाही, ब्लीच टाकून तासभर ठेवून मग संडासात ओतायचं. झाकणाला पक्की चिमटी लावायची, कारण ही बारीक फटीतूनही निसटते. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा आला की मोठी टाकी आणायची. पैसे तो स्वतःच्या गल्ल्यातून देणार म्हणतो, आणि मी निम्मे घेणार आहे.