नकाशात न आलेला बोळ

दोन भिंतींमधली फटच म्हणायची ती. रुंदी १.१ मीटर, लांबी साधारण ४०. एका अंगाला उघडं गटार, त्याच्या कडेने जेमतेम एका माणसापुरती फरशी. समोरून कोणी आलं की एकाने भिंतीला पाठ लावून थांबायचं. डावीकडच्या भिंतीचा कोपऱ्याचा दगड खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत झाला होता, कारण वळताना प्रत्येकाचा हात तिथेच पडायचा. मी स्वतः त्या दगडाला हात लावून वळले आहे. आणि तरीही त्या वस्तीचा जो नकाशा मी काढला, त्यात तो बोळ नाही.

मी जमिनीची मोजणी करते. २७ वर्षं झाली. सुरुवातीला साखळी आणि फीत, मग टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन दोन्ही मोजणारं दुर्बिणीचं यंत्र, आता ड्रोनही आले. साधनं बदलली, काम तेच: कोणाचं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, ते कागदावर आणायचं. त्या दिवशी प्रिझम, म्हणजे यंत्राच्या समोर काठीवर धरायची परावर्तक काच, धरायला एक नवा मुलगा होता. बोळाच्या तोंडाशी थांबून त्याने विचारलं, "मॅडम, ही वाट घ्यायची का?" मी हातातला जुना कागद पाहिला. कागदावर दोन भूखंडांमध्ये एकच रेघ होती. दोघा मालकांनी कधीकाळी आपापल्या बाजूने सव्वा-सव्वा हात जागा सोडून भिंती बांधल्या, आणि मधल्या जागेतून जग ये-जा करू लागलं, एवढाच त्या बोळाचा इतिहास. नोंद कुठेच नाही. काम होतं हद्दी दाखवण्याचं. मी म्हटलं, "नको, हद्द एकच आहे."

१:५०० च्या नकाशावर १.१ मीटर म्हणजे २.२ मिलिमीटर. सहज काढता आला असता.

तीन वर्षांनी तिथले ११ भूखंड एकत्र झाले आणि पुनर्विकास सुरू झाला. आराखडा माझ्याच नकाशावर बेतलेला. जिथे कागदावर काही नाही तिथे आराखडा करणाऱ्याला काही दिसत नाही, यात त्याची चूक नव्हती. कुंपणाची भिंत सरळ उभी राहिली. मागच्या गल्लीतली माणसं पूर्वी बोळातून ६० पावलांत बसथांब्यावर पोचत. आता वळसा घालून ६४०. मी चालून मोजली.

पुनर्विकास म्हटलं की सगळे उंचीवर बोलतात. किती मजले, सावली कुठे पडणार, गाड्या कुठे लावणार. बोलावंच. पण आमच्या धंद्यातल्या माणसाची नजर खाली असते. इमारत ५०-६० वर्षांत थकते, पाडली जाते. जमिनीवरची रेघ मात्र भलतीच चिवट असते. रोममध्ये पियाझा नवोना नावाचा चौक आहे, लांबट, एका टोकाला गोलाई असलेला. चौकाला असा आकार कोण देईल? कोणी दिलाच नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोमिशियन बादशहाने तिथे धावण्याच्या शर्यतींसाठी क्रीडांगण बांधलं. ते मोडलं, पण प्रेक्षकांच्या बैठकांचा पाया शाबूत होता. लोकांनी त्यावर घरं बांधली आणि मधलं मैदान मोकळंच राहिलं. घरं पडली, नवी झाली, पुन्हा पडली. रेघ तिथेच.

माझा सगळ्यात आवडता किस्सा लंडनचा आहे. सप्टेंबर १६६६ मध्ये शहर जळलं. १३,००० हून जास्त घरं गेली. राख निवण्याच्या आतच ख्रिस्तोफर रेन नवा आराखडा घेऊन राजाकडे हजर झाला. रुंद, सरळ रस्ते, मोठे चौक. इतरांनीही आराखडे दिले. कागदावर सगळे देखणे, आणि त्यातला एकही झाला नाही. सरळ रस्ता काढायचा तर हजारो लोकांची जमीन घ्यावी लागणार, तिचे पैसे कोण देणार, आणि हिवाळा तर तोंडावर आलेला. शेवटी शहराने मोजणीदार नेमले. त्यातला एक रॉबर्ट हूक. शाळेत स्प्रिंगच्या ताणाचा नियम शिकतो ना, तोच हा हूक. त्याने स्वतःही एक आराखडा मांडला होता. तो बाजूला पडला आणि हा माणूस पुढची काही वर्षं ढिगाऱ्यांत उभा राहून, शेजारीपाजारी बोलावून, ज्याच्या त्याच्या जुन्या पायावर खुंट्या ठोकत फिरला. काही रस्ते थोडे रुंद झाले. त्यात ज्याची जितकी जागा गेली तितक्याचा दाखला हूक देई, आणि तो दाखवून भरपाई मिळे. घर जळलं तरी भाडं द्यायचं का, नवं बांधायचा खर्च मालकाचा की भाडेकरूचा, या तंट्यांसाठी वेगळं न्यायालय बसवावं लागलं. पुनर्विकासाच्या बैठकांत आजही हेच प्रश्न निघतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्यापुरतेच निघाले.

म्हणून आजही लंडनच्या त्या भागात काचेचे मनोरे वाकड्यातिकड्या जुन्या गल्ल्यांवर उभे आहेत.

रेघा बदलताच येत नाहीत असं मात्र नाही. लिस्बनमध्ये १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत आला, आगी लागल्या. मानुएल दा माया हा राजाचा मुख्य अभियंता, वय ८० च्या घरात. त्याने पर्याय मांडले: होतं तसं बांधा, रस्ते रुंद करून बांधा, सगळं सपाट करून नव्याने आखा, नाहीतर शहरच दुसरीकडे हलवा. मधला सखल भाग नव्याने आखायचं ठरलं. मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची पायरी. पडक्या शहराची मोजणी होऊन जुन्या जागांची नोंद होईपर्यंत बांधकामाला बंदी होती. आधी काय होतं ते लिहिलं, मग पुसलं.

जपानमध्येही १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योचा बराच भाग असाच नव्याने आखला. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र धरायच्या, प्रत्येकाने थोडा तुकडा सोडायचा, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि ज्याला त्याला जुन्या जागेच्या आसपासच थोडा लहान पण सरळ भूखंड परत द्यायचा. कोणी पूर्ण उखडलं जात नाही, कोणी सुटतही नाही. पद्धत सोपी दिसते. पण तुकडा किती सोडायचा यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जे रामायण होतं ते मी अशा कामांत पाहिलं आहे. तरी मला विचाराल तर शहर बदलायची याहून बरी रीत मला माहीत नाही, कारण तिला प्रत्येकाची आधीची हद्द माहीत असावीच लागते.

न्यूयॉर्कच्या मोजणीदाराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८११ मध्ये मॅनहॅटन बेटासाठी काटकोनी रस्त्यांचा आराखडा मंजूर झाला. त्याआधीची मोजणी आणि नंतर तो जमिनीवर उतरवायचं काम जॉन रँडेल या तरुण मोजणीदाराकडे होतं. शेतमालकांनी त्याच्यावर कुत्री सोडली, परक्या जमिनीत शिरला म्हणून त्याला अटकही झाली. त्याने दीडेक हजार संगमरवरी खुणा रोवल्या. सगळं चौकटीत बसलं, बसला नाही तो ब्रॉडवे. ती आधीपासूनची तिरकी वाट. ती मोडायला गेले असते तर फार घरं मध्ये आली असती, म्हणून हळूहळू तिला तशीच राहू दिली. ती सरळ रस्त्यांना जिथे कापते तिथे तिकोनी तुकडे उरले. टाइम्स स्क्वेअर त्यातलाच. चौकटीत न बसलेल्या वाटेमुळे झालेली जागा बघायला आज जगभरातून माणसं जातात.

आता भूखंड एकत्र करण्याबद्दल. हे जरा कोरडं आहे, पण सोसा.

पुनर्विकासाचं गणित असं असतं. समजा १,००० चौरस मीटरचा भूखंड, त्यावर तेवढंच जुनं बांधकाम. नियम म्हणतो की आता अडीचपट चालेल, म्हणजे २,५००. त्यातले हजार-बाराशे जुन्या रहिवाशांना परत, उरलेले विकून खर्च आणि नफा. जुन्या माणसाला फुकटात मिळणारं नवं घर त्या जास्तीच्या बांधकामातून येतं. ५० वर्षांनी हीसुद्धा इमारत थकेल. तेव्हा २,५०० चौरस मीटर बांधकाम आधीच उभं असणार. तेच गणित पुन्हा जमवायचं तर ६,२५० हवेत, म्हणजे सव्वासहापट. पाण्याची वाहिनी, सांडपाण्याची नळी, समोरचा रस्ता तेवढेच. हे गणित एकदाच खेळता येतं, फार तर दोनदा. बैठकीत मी हे म्हटलं की लोक चहाकडे बघतात.

त्यात भूखंड एक झाला की तो पुन्हा सुटा होणं जवळपास अशक्य. ११ भूखंड होते तेव्हा एकाने घर वाढवलं, दुसऱ्याने खाली कारखाना काढला, तिसऱ्याने काहीच केलं नाही. एकाचं चुकलं तर एकाचंच. आता एका भूखंडावर १४० घरं. काहीही बदलायचं तर कुठे सगळ्यांची, कुठे कायद्याने ठरवलेल्या हिश्श्याची संमती लागते. ११ जणांना एका टेबलाशी बसवताना काय होतं ते पाहिलेलं असल्याने १४० चा विचारही नको वाटतो. लहान भूखंड गैरसोयीचे असतात हे खरं. अग्निशामक गाडी आत जात नाही, भिंतीला भिंत लागते, उजेड नसतो. त्या वस्तीतली दोन घरं तर टेकू देऊन उभी होती आणि तिथे राहणाऱ्यांना पुनर्विकास हवाच होता. त्यांच्यासमोर जुन्या गल्लीचं कौतुक करायची माझी हिंमत झाली नसती.

एकत्र केलेलं पुन्हा तोडल्याचं एक मोठं उदाहरण मला माहीत आहे, पुन्हा न्यूयॉर्कचंच. वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी १९६० च्या दशकात १६ एकरांचा एकसंध तुकडा केला, त्यात आतले रस्ते गेले. २००१ नंतर तिथे नव्याने बांधताना ग्रीनिच आणि फुल्टन हे रस्ते त्या जागेतून पुन्हा काढले. म्हणजे होतं. पण त्यासाठी काय घडावं लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

मी ६४० पावलं मोजायला गेले तो पहिल्या मोठ्या पावसानंतरचा दिवस होता. भिंतीच्या मागच्या बाजूला पाणी घोट्याच्या वर साचलं होतं. बोळातलं ते उघडं गटार मागच्या सात घरांचं पाणी वाहून नेत असे, हे मला तेव्हा कळलं. वाट घेतली नाही म्हणजे गटारही घेतलं नाही. एक आजी दारात विटांवर पाय ठेवून उभ्या होत्या. माझ्या हातातली वही बघून त्यांना वाटलं, कोणीतरी कार्यालयातून पाहणीला आलंय. म्हणाल्या, "बाई, लिहून घ्या, इथे वाट होती." मी लिहून घेतलं. नकाशा माझा होता हे सांगितलं नाही. तक्रार कुठे करायची ते सांगितलं, अर्जाचा मसुदा करून दिला. भिंतीखालून नळी टाकून पाण्याचं काम महिनाभरात झालं. वाटेचं नाही. वहिवाट सिद्ध करायला कागद लागतो, आणि जो कागद असायला हवा होता तो काढायला मीच नको म्हटलं होतं.

तेव्हापासून मी ठिपक्यांची रेघ काढते. हद्द ती ठळक, आणि माणसं जिथून प्रत्यक्ष चालतात ते ठिपक्यांनी. नोंद असो नसो. गटारंसुद्धा, ओट्याखालून जाणारी धरून. काम दीडपट वाढतं, पैसे तेवढेच मिळतात, आणि प्रिझम धरणारी मुलं वैतागतात. गेल्या महिन्यात एक नकाशा परत आला, समासात पेन्सिलने शेरा: ही रेघ कशाची? अभिलेखात दिसत नाही, काढून टाकावी.

मी खाली लिहिलं: वाट. रुंदी ०.९ मी. सकाळी ८ ते ९ या वेळात २१२ माणसं गेली, मी उभी राहून मोजली. आणि नकाशा तसाच परत पाठवला.