गुडघ्याखालची उशी

गुरुवार, रात्री

मला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट गोठत नाही, सांध्यात रक्त भरतं; त्याला आम्ही ब्लीड म्हणतो. आज फिजिओ मॅडमनी सहज विचारलं होतं. सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर लावून झालं, डावा गुडघा सरळ व्हायला १५ अंश कमी पडतोय असं त्यांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, "लहानपणी ब्लीड झालं की गुडघ्याखाली उशी ठेवायचात का?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मीच ठेवायचे."

रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. जेवतानाही नाही.

मला राग आलाय. संध्याकाळपासून शोधतोय, कोणाचा.

सांध्यात रक्त भरलं की गुडघा आपोआप अर्धवट वाकतो, कारण तसा ठेवला की आत थोडी जागा होते आणि ठणका कमी होतो. खाली उशी सरकवली की मी रडायचा थांबायचो. रात्री ती हलली तर आई उठून नीट करायची. पहिले एक-दोन दिवस ते ठीकच, असं मॅडम म्हणतात. त्यानंतर पाय हळूहळू सरळ करत न्यायला हवा होता, नाहीतर मांडीमागचे स्नायू आखडतात. आमची उशी पंधरा-पंधरा दिवस असायची. त्यातून उठेपर्यंत मांडी बारीक झालेली, तो अशक्त पाय जरा मुरगळला की पुन्हा रक्त. रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तरात साठत जातं, अस्तर सुजतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात आणि त्याही फुटतात. कूर्चा झिजते ती अशी. हे सगळं आता कळतंय. तेव्हा फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, एक टक्क्याच्याही खाली असलेल्या पोराला घेऊन एसटीनं परळचं हॉस्पिटल गाठायचं, क्रायो, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेला तो घटक, मिळेल का बघायचं, नाही तर बर्फ आणि "हलू नकोस". हलवायला कोण सांगणार होतं? मामालाही हेच होतं, त्याच्या वेळी तर तेवढंही नव्हतं. मामाचा विषय आज निघाला नाही, बरं झालं.

आईचा राग नाहीच. पण 'मीच ठेवायचे' हे ती ज्या आवाजात म्हणाली त्याचा आला, हे खरं. एवढ्या वर्षांचं जपणं तिनं स्वतःच गुन्ह्यासारखं पुढे ठेवलं. आणि माझा पाय मात्र तसाच राहिला, ना तिच्यावर रागावता येत, ना कोणावर. मी एकटाच का लंगडायचं, असं वाटलं. चाळिशी जवळ आली तरी वाटतं.

उजव्या कोपराचं आज लिहीत नाही.

मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. गेलेली कूर्चा परत येत नाही, स्नायू येतो. मांडीचा पुढचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार तो घेतो, ब्लीडही कमी होतात. म्हणून टॉवेलची गुंडाळी आता टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा, त्याच्याच वजनानं तो खाली येऊ द्यायचा. मग मांडी आवळून दहा आकडे धरायची. मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा. गुडघा गरम लागला किंवा आत ती ओळखीची झिणझिण सुरू झाली तर तिथेच थांबायचं, आधी फॅक्टरचं इंजेक्शन.

रात्री करून बघितलं. १५ चे १५ च आहेत, आणि १० झाले तरी मला पुरतील. जिना नीट उतरता आला तर बास. हे म्हणताना वाईट वाटलं नाही, याचंच नवल वाटलं.

उद्या डोसचा दिवस. टोचलेलं फॅक्टर साधारण ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतं, म्हणून सकाळी सुई टोचून झाली की लगेच व्यायाम. अर्ध्या किलोचा वजनाचा पट्टा उद्यापासून बांधायचाय. तो टेबलावर बघून आई आत्ता खोलीत आली होती.

"अजून थोडे दिवस बिनवजनाचं केलंस तर नाही का चालणार?"

"नाही चालणार, आई. तू ये सकाळी, आकडे मोज."

"मोजते," म्हणाली. "पण हळू मोजणार नाही हं मी."