देवी न काढलेला चौक

मी पालघर जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवतो. इंटरमिजिएटची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी चालू होती, संकल्पचित्राचा सराव, म्हणून म्हटलं चौकोनात वारली शैलीत डिझाइन करा. पोरं खूश, कारण वारली म्हणजे सोप्पं, दोन त्रिकोण जोडले की माणूस तयार. थोड्या वेळात सगळ्यांच्या कागदावर तारपा नाच, तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचतात तो, फिरायला लागला, तोही पाड्यावरचा नाही, मोबाइलवरचा, कॅफेच्या भिंतीवर असतो तसला. "सर, एस्थेटिक दिसतंय ना?" हल्ली टिफिनचा डबापण एस्थेटिक असतो, असो.

नववीतल्या एका वारली मुलीने नुसता चौक आखला होता, वारली लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो चौकोन. कडेची नक्षी इतकी बारीक की मी बघतच राहिलो, आणि मधे कोरं. म्हटलं अगं वेळ संपत आली, भर काहीतरी. तर म्हणते, "मधे पालघट देवी असते सर. ती लग्नात काढतात, सवाशिणी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. आजी म्हणते उगाच नाय काढायची."

मागच्या बाकावरून एक पोरगा उठला, तोपण वारलीच. म्हणे माझा काका कॅनव्हासवर देवी काढतो, मुंबईत विकतो, त्यावर आमचं घर चालतं, मग काय चुकलं त्याचं? आणि आधी बायकाच काढायच्या ना, तरी आमच्यातले चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी काढलं, २०११ ला पद्मश्री मिळाली त्यांना. ती शांतपणे म्हणाली, "विकायचं ते चित्र. त्यात देवी नसते." "घेणाऱ्याला काय कळतं?" "मला कळतं ना."

मी मधे पडलोच नाही. शिकताना आम्ही कांट हा जर्मन तत्त्वज्ञ पाठ केलेला, सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो, उपयोगाशी त्याचा संबंध नाही वगैरे, लिहिलं की मार्क. पण शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेलं, लग्न नसेल तर काढायचंच नाही असलं चित्र त्यात कुठे बसवायचं हे आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीपण विचारलं नाही. इथे दोन पोरं त्यावरच भांडत होती आणि दारात गणिताचे सर घड्याळ दाखवत उभे, चित्रकलेचा तास मागून घेतात ना, दहावी जवळ आली की जास्तच.

तिचा कागद मी तसाच तपासला. आखणीला भरपूर मार्क दिले, मांडणीलापण दिले, रंगसंगतीचा रकाना मोकळा सोडला. परीक्षेत मात्र तिने गपचूप फुलापानांचं डिझाइन काढलं, बी ग्रेड आला, म्हणजे दहावीला ५ मार्क जास्तीचे.